बिल्ला उलटा करून बघा

लुफ्तवाफेचा, म्हणजे हिटलरच्या हवाई दलाचा, वैमानिकाचा बिल्ला समोर आला की माणूस पुढच्या बाजूवरच अडकतो. अडकावं असाच तो घडवलाय. पानांचं अंडाकृती कडं, अर्धं लॉरेलचं आणि अर्धं ओकचं. त्यावर पंख ताणून झेपावणारा गरुड आणि त्याच्या नखांत स्वस्तिक. कडं चकचकीत चंदेरी, गरुड काळपट. पंख कड्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, त्यामुळे पक्षी चौकटीत बसवलाय असं वाटत नाही, चौकट ओलांडून निघालाय असं वाटतं. पाच-सव्वापाच सेंटिमीटर उंचीच्या धातूच्या तुकड्यात एवढी हालचाल आणणं सोपं नाही. डिझाइन म्हणून हा बिल्ला चांगला आहे, हे आधीच मान्य करून टाकू. या छंदावर टीका करणारे बरेच जण इथंच लबाडी करतात. वस्तू वाईट लोकांची होती म्हणून ती दिसायलाही वाईट असणार, असं ते गृहीत धरतात. ती वाईट दिसत नाही. अडचण तिथूनच सुरू होते.

मला बोलायचंय ते मागच्या बाजूबद्दल. मी वाकडला राहतो आणि भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय आणि कास्टिंग तपासायचं काम करतो. ओळखीतले दोन-तीन जण दुसऱ्या महायुद्धातले जर्मन बिल्ले जमवतात, म्हणून रात्री-अपरात्री फोनवर फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते: ‘ओरिजिनल आहे का बघ ना.’ प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर शोधायची जी पद्धत जगभरच्या संग्राहकांनी बसवली आहे, ती एकीकडे फार हुशार आहे आणि दुसरीकडे, माझ्या मते, नको तिथं येऊन थांबते.

आधी हुशारीबद्दल. अस्सल वैमानिक-बिल्ल्याची मागची बाजू म्हणजे कारखान्याचा जबाब असतो. गरुड आणि कडं वेगवेगळे ठोकलेले दोन भाग, दोन बारीक रिव्हेटनी जोडलेले. उभी पिन, वर बिजागरी, खाली आकडा. बहुतेकदा बनवणाऱ्याची खूण. बर्लिनचा सी. ई. युंकर आपलं नाव शहरासकट ठोकायचा, लुडेनशाइडचा आस्मान नुसतं ‘ए’ अक्षर, व्हिएन्नाचे ब्रूडर श्नायडर ‘बीएसडब्ल्यू’. खूण दिसली म्हणजे बिल्ला खरा, असं मात्र अजिबात समजू नका. नकली बनवणाऱ्यासाठी खूण हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. बिजागरीची जाडी, पिनेचा निमुळतेपणा, आकड्याच्या तारेची गोलाई यांची नक्कल करायला जीव जातो, कारण प्रत्येक कारखान्याची त्यातली सवय वेगळी होती.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. डायमध्ये ठोकलेल्या भागाच्या कडा धारदार असतात. पानांच्या शिरा, पिसांच्या रेघा दहापट भिंगाखालीही स्वच्छ दिसतात. स्वस्तिकाच्या हातांमधली पोकळी पंचनं कापून काढलेली असेल तर आतल्या भिंतीवर हत्याराच्या उभ्या रेघा सापडतात. आता हाच बिल्ला नमुना म्हणून घेऊन कुणी रबराच्या साच्यात फिरवून ओतला, म्हणजे आपल्याकडं इमिटेशन ज्वेलरीवाले करतात तसं स्पिन कास्टिंग केलं, तर तीन गोष्टी लपत नाहीत. कडा विरघळलेल्या साबणासारख्या गोल होतात. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, कारण हवा कुठं तरी अडकतेच. आणि माप घटतं. जस्ताचं मिश्रधातू थंड होताना साधारण ०.६ टक्के आकसतं. ५३ मिलिमीटरच्या कड्यावर हा फरक ०.३ मिलिमीटर होतो. डोळ्याला कळत नाही, व्हर्नियरला लगेच कळतो. भोसरीत एवढ्या फरकावर अख्खा लॉट परत पाठवतात.

याच्या पुढची पायरी मला जास्त आवडते. डाय वापरून वापरून तडकते. तडकलेल्या डायवर ठोकलेल्या प्रत्येक तुकड्यावर तडा उठावदार रेघ होऊन उमटतो आणि दिवसेंदिवस लांबत जातो. त्यामुळे एकाच कारखान्याचे दहा-वीस बिल्ले शेजारी ठेवले की कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे त्या रेघेवरून लावता येतं. पुराव्याच्या या शिस्तीचं मला खरंच कौतुक आहे. विक्रेत्याची गोष्ट, जुना दिसणारा मळ, ‘आमच्या आजोबांनी इटलीच्या आघाडीवरून आणला’ असली चिठ्ठी, यांतलं काहीच ग्राह्य धरायचं नाही. वस्तू घ्या, गोष्ट घेऊ नका, असं जाणते संग्राहक नवख्यांना सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या इतिहासाला कुणी एवढी शिस्त लावली असती तर बरंच काही वाचलं असतं.

माझ्या एका मित्रानं गेल्या वर्षी ऑनलाइन साडेसात हजारांना असा बिल्ला घेतला. अस्सल बिल्ल्याला परदेशात शेकडो युरो पडतात, म्हणजे शंका यायला किंमतच पुरेशी होती. मी तो उलटा केला. रिव्हेट नव्हतेच. रिव्हेटच्या जागी रिव्हेटच्या आकाराचे दोन फुगवटे होते, बाकीच्या धातूबरोबरच ओतलेले. गरुड आणि कडं एकच तुकडा. त्याला हे दाखवलं तर म्हणाला, ‘पण पुढून मस्त दिसतो ना?’ आणि लॅपटॉपच्या बॅगेवर लावला. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं चाकणला एक जर्मन माणूस ऑडिटला आला. टेबलावर बॅग होती. जर्मनीत हे चिन्ह चारचौघांत मिरवणं गुन्हा आहे, हे मित्राला माहीत नव्हतं. तो पाहुणा काही बोलला नाही. एका बोटानं त्यानं बिल्ला उलटा फिरवला आणि पुढची फाइल मागितली.

आता धातूकडं येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

हा बिल्ला १९३६ पासून दिला जाऊ लागला. सुरुवातीचे बिल्ले अ‍ॅल्युमिनियमचे, टॉम्बॅकचे किंवा जर्मन सिल्व्हरचे. इथं मराठी वाचकाचा गोंधळ होईल, कारण आपल्या आज्या ज्याला ‘जर्मनचं पातेलं’ म्हणायच्या ते अ‍ॅल्युमिनियम. जर्मन सिल्व्हर वेगळं: तांबं, निकेल आणि जस्त, चांदी शून्य. टॉम्बॅक म्हणजे तांबं जास्त असलेलं पितळ. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण बाकीचे दोन्ही धातू ठोकायला छान, मुलामा धरून ठेवणारे, हातात वजनदार. मग युद्ध सुरू झालं आणि लांबलं. तांबं काडतुसांना हवं, निकेल चिलखती पोलादाला हवं, अ‍ॅल्युमिनियम खुद्द विमानांना हवं. तांबं-कथिलासाठी चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या, अशी पाळी आली. छातीवर लावायच्या दागिन्याला चांगला धातू कोण देणार? जस्त मात्र होतं, अप्पर सायलेशियाच्या खाणींमधलं. बिल्ले जस्ताचे झाले.

जस्त हा प्लेटिंगवाल्यांच्या शिव्या खाणारा धातू आहे. त्यावर मुलामा नीट अस्तर न देता चढवला की तो हळूहळू जस्तातच जिरतो. आज दिसणारी चमक काही वर्षांनी राखाडी होते, कुठं कुठं फोड येतात. युद्धाच्या उत्तरार्धातले बिल्ले आज असेच आहेत: करडे, निस्तेज, फोडांनी भरलेले, देवी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखे. संग्राहक त्यांना खालचा दर्जा देतात. वरचा दर्जा कुणाला? १९३६-३९ च्या वजनदार, झळझळीत, धारदार नमुन्यांना.

माझं भांडण या दर्जाशी आहे. इथवर पुरावा, पुरावा म्हणणारा माणूस दर्जा लावताना एकदम सराफ होतो. झळाळी, वजन, दुर्मिळता. अस्सलपणा ठरवायला जी मागची बाजू वापरली, तिनं दिलेला जबाब किंमत ठरवताना कुणी ऐकत नाही. तो जबाब असा आहे की एक राज्य जगाला आपली ताकद दाखवत होतं आणि त्याच वेळी आतून कंगाल होत होतं. १९४४ चा फोड आलेला जस्ताचा बिल्ला हे सांगतो. वर्तमानपत्रांनी, रेडिओनं, सिनेमानं जे झाकलं ते कारखान्यातल्या कच्च्या मालानं उघडं केलं. आणि झळझळीत नमुना काय सांगतो? तो ज्या काळातला आहे त्याच काळात, २६ एप्रिल १९३७ ला, लुफ्तवाफेच्या काँडोर लिजननं इटालियन विमानांच्या साथीनं स्पेनमधलं गेर्निका हे गाव बाजाराच्या दिवशी जाळलं. ‘अर्ली, हेवी, मिंट’ असं वर्णन वाचताना मला तेवढं आठवतं. कुठल्याही एका बिल्ल्यावर मी तो आरोप ठेवत नाही. कोणता कुणाच्या छातीवर होता हे धातू सांगू शकत नाही. पण ज्या काळाला हा बाजार सुवर्णकाळ समजतो तो कशाचा होता, एवढं तरी माहीत असावं.

लुडेनशाइडबद्दल थोडं सांगतो, कारण ते गाव मला ओळखीचं वाटतं. जर्मनीच्या सावरलँड या डोंगराळ भागातलं हे गाव बटणं आणि धातूच्या बारीक वस्तूंसाठी प्रसिद्ध होतं. आस्मान तिथला, डॉयमर तिथला, वेगरहोफ बंधू तिथले. एकाच्या शेजारी एक प्रेस, कुणी डाय कोरतंय, कुणी मुलामा देतंय, कुणी पिना वळवतंय. भोसरीच्या गल्ल्या डोळ्यांपुढं आणा. गणवेशाची बटणं करणाऱ्याला बिल्ले करणं अवघड नव्हतं आणि ऑर्डर मोठी होती. तो माणूस बहुधा खलनायक नव्हता. ड्रॉइंग आलं, पार्ट दिला, बिल लावलं.

याच लुडेनशाइडच्या हद्दीत, व्हेर्से धरणाच्या बांधकामावर, १९४० मध्ये गेस्टापोनं हुन्सविंकल नावाची छावणी उघडली. अधिकृत नाव ‘श्रमशिक्षण छावणी’. कामावर आळस केला, पळून गेला, असा ठपका असलेले मजूर तिथं डांबायचे. त्यात परदेशातून आणलेले मजूर बरेच होते. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत जर्मनीत असे परदेशी मजूर आणि कामाला जुंपलेले युद्धकैदी पाऊण कोटीच्या घरात गेले. कोणत्या बिल्ल्याला कुणाचे हात लागले हे मागच्या बाजूवर लिहिलेलं नसतं. पण कारखान्यांच्या खुणांची एवढी बारकाईनं यादी करणाऱ्या छंदात, त्या कारखान्यांच्या गावात आणखी काय चाललं होतं, यावर एक ओळ असायला काय हरकत होती? मी पाहिलेल्या विक्रीच्या वर्णनांत ती ओळ नसते. पिन ‘ओरिजिनल, फंक्शनल’ आहे हे असतं.

आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट लुडेनशाइडची नाही, व्हिएन्नाची आहे. तिथल्या रुडॉल्फ सुवालचा कारखाना लष्करी बिल्ले आणि पदकं करायचा. १९४२ मध्ये बर्लिनमध्ये असताना सुभाषचंद्र बोसांनी ‘आझाद हिंद’ची पदकं सुरू केली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. ती घडवायचं काम याच सुवालकडं गेलं. म्हणजे आपल्या स्वातंत्र्याचं पदक आणि त्यांच्या युद्धाची पदकं एकाच छताखाली तयार झाली. बोसांच्या त्या काळाबद्दल एन. जी. गणपुले यांनी १९५९ मध्ये ‘नेताजी इन जर्मनी’ हे पुस्तक लिहिलं. ते स्वतः बर्लिनमध्ये त्या कामात होते. तिथल्या हिंदी सैनिकांचं पुढं काय झालं हे आपण सहसा बोलत नाही: ऑगस्ट १९४४ मध्ये ती अख्खी तुकडी वाफेन-एसएसच्या ताब्यात देण्यात आली.

पुढचा भाग जाणकारांची खरी परीक्षा घेणारा आहे. युद्ध संपलं, पण सुवालच्या डाय संपल्या नाहीत. संग्राहकांची मागणी वाढली तशी त्या कारखान्यानं युद्धानंतरही जुन्या डायवर माल काढला आणि विकला. जर्मन बिल्ले काढले आणि आझाद हिंदची पदकंही काढली. आज बाजारात दिसणाऱ्या आझाद हिंद पदकांपैकी पुष्कळशी अशीच नंतरची समजली जातात. आता सांगा, तीच डाय, तोच कारखाना, वर्ष फक्त वेगळं. हे नकली आहे का?

संग्राहक म्हणतो, नकली. टूलरूममधला माणूस म्हणून मला आधी हसू येतं. आमच्याकडं मॉडेल बंद झाल्यावरही स्पेअरसाठी जुन्या डायवर पार्ट निघतो, त्याला कुणी नकली म्हणत नाही. पण थोडा विचार केला की संग्राहकाचं म्हणणं पटतं, आणि ते का पटतं हे महत्त्वाचं आहे. पदक म्हणजे नुसता पार्ट नव्हे. कुणी तरी ते कुणाला तरी, काही तरी केल्याबद्दल दिलं, हा व्यवहार झाला तर ते पदक. १९६० मध्ये ठोकलेल्या शहीद-ए-भारतच्या मागं कुणीही शहीद नाही. म्हणजे शेवटी अस्सलपणा धातूत नाही, त्या देण्या-घेण्यात आहे, हे संग्राहकानंच कबूल केलं. मग लुफ्तवाफेच्या बिल्ल्याच्या बाबतीत ते देणं-घेणं कशाबद्दल होतं, हा प्रश्न त्यानं का टाळावा? प्रमाणपत्र आणि उड्डाण-वहीसकट बिल्ला आला की किंमत चढते, वहीत नावाजलेल्या वैमानिकाचं नाव असेल तर फारच चढते. म्हणजे गोष्ट घेऊ नका म्हणणाऱ्या बाजारात शेवटी गोष्टच विकली जाते. फक्त तिच्यातली अर्धी बाजू, ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांची, कापून टाकलेली असते.

कापडी बिल्ल्यांचा विषय इथं फार ताणत नाही. लुफ्तवाफेच्या अधिकाऱ्यांसाठी जरीत भरलेले बिल्लेही निघत, आणि जरीकाम म्हटलं की आपला हात कुणी धरत नाही. बनारसचे कारागीर आजही देशोदेशींच्या सैन्यांसाठी बिल्ले भरतात. जुनं कापड तपासायची एक सोपी युक्ती म्हणजे अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारणं. युद्धानंतरच्या कृत्रिम धाग्यात आणि साबणात उजळपणा आणणारी रसायनं आली, ती निळसर चमकतात. चमकला तर संशय घ्या. नाही चमकला म्हणून खरा ठरत नाही.

‘आमच्या दारावर पण स्वस्तिक असतं, त्यात काय एवढं’ हे वाक्य मी वाकडमध्ये निदान पाच वेळा ऐकलंय, दोनदा इंजिनिअरकडून. दारावरचं स्वस्तिक दारावरच राहू द्या. त्याचं आणि गरुडाच्या नखांतल्या स्वस्तिकाचं काम वेगळं आहे, आणि ज्याला पंधरा पानांच्या ड्रॉइंगमधलं एक चुकीचं टॉलरन्स दिसतं त्याला हा फरक दिसू नये, हे मला पटत नाही. २००६ मध्ये खारघरला कुणी तरी ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. ज्यू समाजानं निषेध केल्यावर नाव बदललं. तेव्हा बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं की इथं निषेध करणारे ज्यू आहेतच कोण. आहेत. पुण्यात कॅम्पमधलं लाल देऊळ म्हणजे १८६७ चं ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे. कोकणातले बेने इस्रायली पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. बॅगेवरचा बिल्ला कुणाला दिसेल, याचा हिशोब करताना चाकणचा जर्मन पाहुणा आठवायची गरज नाही. बसमध्ये शेजारी बसलेला मराठी माणूसही असू शकतो.

मग जमवूच नये का? मी तसं म्हणत नाही. हे बिल्ले वितळवून टाकले तर १९४४ च्या जस्ताची साक्षही जाईल. पेटीत ठेवा, उलटे ठेवा, शेजारी कारखान्याचं गाव आणि वर्ष लिहा, आणि फोड आलेल्याला झळझळीतापेक्षा वरची जागा द्या. मित्रानं परवा विचारलं की सुरुवात करायची तर कोणता घेऊ. मी १९५७ चा सांगितला. त्या वर्षी पश्चिम जर्मनीनं कायदा करून जुन्या सैनिकांना युद्धातली पदकं पुन्हा लावायची परवानगी दिली, पण स्वस्तिक काढून. त्याच लुडेनशाइडमधल्या श्टाइनहाउअर आणि ल्यूकसारख्या कारखान्यांनी, ज्यांनी आधी स्वस्तिकासकट पदकं ठोकली होती, त्यांनीच ती स्वस्तिकाशिवाय ठोकली. बाजारात त्यांना फारसा भाव नाही. कड्याची पानं तीच, पंख तसेच बाहेर आलेले, पिनही तशीच उभी. गरुडाची नखं मात्र अजून काही तरी धरल्यासारखी आवळलेली आहेत, आणि त्यांच्यात काही नाही.